थॅडने उचललेलं पाडस

पेकनची सगळी झाडं मेली आहेत, असं थॅडने मला मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सांगितलं. त्याला आमच्या शेतावर येऊन तेव्हा दोन दिवस झाले होते.

"सांगायला वाईट वाटतं, हेटी," तो म्हणाला, "पण मी पार नदीपर्यंत जाऊन आलो. एकाही झाडाला पान नाही. बाकी सगळं रान हिरवं झालंय."

"किती झाडं बघितलीस?"

"सगळीच म्हण."

"अकराशे?"

"साधारण."

"आणि अकराशेतल्या एकाचीही साल नखाने खरवडून बघावीशी वाटली नाही."

तो हसला. थॅडला काहीही म्हटलं की तो हसायचा. भिंतीवर चेंडू टाकला तर निदान परत तरी येतो.

पेकन, अक्रोडाच्या कुळातलं हे झाड, सगळ्यांत शेवटी जागं होतं. बाकीची झाडं चार दिवस ऊन पडलं की हुरळून जातात, पालवी फोडतात, आणि मग एका रात्रीच्या हिवाने काळी पडतात. पेकन वाट बघतं. आमच्या सान साबा नदीच्या काठी हे शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही ठाऊक असतं. थॅड शाळेत गेला होता, कॉलेजातही गेला होता. तीस वर्षं डॅलसमध्ये श्रीमंतांच्या परसात पोहण्याचे तलाव बांधून देत होता आणि निवृत्त झाल्यावर त्याने निसर्गावर लिहायला घेतलं होतं. दर शुक्रवारी तो चारशे लोकांना कॉम्प्युटरवरून पत्र पाठवायचा. चारशे माणसं ती वाचत होती, हे टेक्सासबद्दल बरंच काही सांगून जातं.

तो माझ्या धाकट्या बहिणीचा, कोरिनचा, दुसरा नवरा. पहिला वाईट होता, पण निदान गप्प असायचा. त्यांनी जुनं घर विकलं होतं, नवं जूनमध्ये तयार होणार होतं, आणि मधले तीन महिने कोरिनला वसंतात माहेरी राहावंसं वाटलं. वडिलांनी अर्धं शेत तिच्या नावावर ठेवलेलं होतं, त्यामुळे मला नाही म्हणायची सोय नव्हती. ती एकोणिसाव्या वर्षी इथून गेली. मी राहिले. लग्न केलं नाही. दोघे जण विचारायला आले होते. एकाला देशी पेकन आणि कलमी पेकन यांतला फरक कळत नव्हता, दुसऱ्याला तो जाणून घ्यायची इच्छा नव्हती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाडांना पालवी फुटली. थॅडने त्या शुक्रवारच्या पत्रात लिहिलं की नदीकाठी एक चमत्कार घडला आहे.

पालवी फुटली की माझी आणि युसेबिओची कलमांची धांदल सुरू होते. युसेबिओ करान्सा माझ्याकडे चौतीस वर्षं आहे, त्याआधी माझ्या वडिलांकडे सहा वर्षं होता. फेब्रुवारीत कापून ओल्या कागदात गुंडाळलेल्या कलमकाड्या फ्रिजमधून काढायच्या, खुंटाची साल सुटायला लागली की तिच्याखाली काडी सारायची, खिळा ठोकायचा, गुंडाळायचं. बोलायला लागतच नाही. आम्ही दोघं सबंध सकाळ चार वाक्यांत काढू शकतो. त्या वसंतात मात्र थॅड मागे उभा असायचा, गळ्यात दुर्बीण घालून.

"झाडाला दुखत नसेल का?" त्याने एकदा विचारलं.

"विचारलं नाही कधी," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो पळत आला. "शिडी कुठे आहे, हेटी?"

"कशाला?"

"एक बदक झाडावर अडकलंय. बरंच वर. घाबरून शीळ घालतंय बिचारं."

युसेबिओने पाठ फिरवली. त्याचे खांदे हलत होते.

"ते अडकलेलं नाही," मी म्हणाले. "ते तिथे राहतं. ढोलीत अंडी घालतं."

"बदक? झाडात?"

"शिडी गोठ्यामागे आहे. वर जा, पत्ता विचारून ये."

तो हसला. शुक्रवारी चारशे लोकांना झाडावर राहणाऱ्या बदकांचा शोध लागला.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग त्याने मक्याचा डबा टांगला. रानटर्की जवळून बघता याव्यात म्हणून तारेला एक पिंप अडकवलं, खालून दाणे सांडत राहतील असं, आणि तेही कुठे, तर माझ्या रोपवाटिकेच्या कुंपणाला लागून. मी एकदा सांगितलं, काढ. दुसऱ्यांदा सांगितलं, मक्याला टर्की येतात तशी रानडुकरंही येतात. तो म्हणाला, "आजवर एकही दिसलं नाही." तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली नाही. एका पहाटे जाऊन बघते तो कुंपण आडवं, आणि तीन वर्षं वाढवलेली एकशे वीस रोपं उपटून, चघळून, चिखलात लोळवून ठेवलेली. नांगरानेही इतकं खोल उकरलं नसतं.

त्या रविवारी चर्चमधली दोन कुटुंबं आमच्याकडे जेवायला होती. मी भाजलेलं मांस कापत असताना कुणीतरी रोपांबद्दल विचारलं.

"थॅडने पाहुणे बोलावले होते," मी म्हणाले. "माणूस अगत्यशील आहे. मक्यावर भागत नाही म्हटल्यावर त्याने माझी रोपं वाढली. आता पुढच्या रविवारी तो त्यांना पलंगावर निजवणार आहे. कोरिन, तू कुठे झोपणार ते ठरवून ठेव."

सगळे हसले. एक म्हातारा तर डोळे पुसत होता. थॅडही हसला. कोरिनने काटा ताटात ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. मी पेकन पाय, सारण भरून भाजलेलं गोड, आणायला मागोमाग गेले तर ती सिंकपाशी पाठ करून उभी होती.

"गरज होती का?"

"तोही हसला की."

"तो प्रत्येक गोष्टीला हसतो, हेटी. त्याचं कुठलं हसणं खरं आहे हे दीड महिन्यात तुला कळलं नाही. आणि सांगतेस काय, तर मला या शेतावरचं पाखरून् पाखरू ओळखता येतं."

मी पायचं ताट उचलून बाहेर गेले. पाय चांगला झाला होता. थॅडने दोनदा मागून घेतला.

मग मे महिना अर्धा सरला. झाडं गच्च झाली होती, खाली गवत आणि तिपानी घास कमरेला टेकला होता. मी ट्रॅक्टरला कापणीयंत्र जोडून नदीकडच्या ओळी कापत होते. दहा वाजले असतील. यंत्रात कुंपणाची तार अडकल्यासारखा आवाज यायला लागला म्हणून मी वळून मागे बघितलं, आणि पुन्हा समोर बघते तर थॅड ट्रॅक्टरच्या तोंडाशी उभा, हातातली टोपी हलवत. मी ब्रेक दाबला. तो वाकला, गवतात हात घातले आणि एक पाडस घेऊन उभा राहिला. एक-दोन दिवसांचं असेल. अंगावरचे पांढरे ठिपके अजून ओले असल्यासारखे चकाकत होते, पाय काड्यांसारखे लोंबत होते.

"ठेव ते खाली," मी ओरडले. इंजिनच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. मी इंजिन बंद करून उतरेपर्यंत तो घराच्या वाटेला लागला होता, ते पाडस छातीशी धरून, बारशाला निघाल्यासारखा.

मी ओसरीवर पोचले तेव्हा ते माझ्या चांगल्या टॉवेलमध्ये गुंडाळलेलं होतं. कोरिन फोटो काढत होती. त्याचं नावही ठेवून झालं होतं. डचेस.

"काय केलंस हे?" मी विचारलं.

"तू सरळ त्याच्या अंगावर येत होतीस. चार हात राहिले होते."

"मला दिसलं असतं."

"तू मागे बघत होतीस, हेटी."

ते खरं होतं. खरं होतं म्हणून ते त्याच्या तोंडून ऐकून घ्यायची माझी तयारी होती असं नाही.

"आता नीट ऐक," मी म्हणाले. "तू ते मारलंयस. यंत्राखाली आलं असतं तर एका क्षणात सुटलं असतं. माणसाचा वास लागलेल्या पिल्लाला हरिणी शिवत नाही. थोड्या वेळाने त्याला भूक लागेल, मग ते ओरडेल, आणि उद्या दुपारपर्यंत ओरडत राहील. तुझ्या चारशे लोकांना तेही लिही."

"नक्की शिवत नाही?"

"साठ वर्षं या नदीवर काढलीत मी. माझ्या वडिलांनी पंचाऐंशी काढली. त्यांनी सांगितलंय."

थॅडने पाडस कोरिनच्या मांडीवर दिलं आणि फोन घेऊन अंगणात गेला. वन्यजीव खात्याच्या कुठल्याशा अधिकाऱ्याशी तो दहा मिनिटं बोलला. परत आला तेव्हा चेहरा उजळला होता.

"तो म्हणतो, वासाचं काही खरं नाही. जिथून उचललं तिथेच ठेवा, लांब जा, ती येते. दिवसातून दोन-तीनदाच पाजायला येते, एरवी मुद्दाम लांब राहते. त्याने विचारलं, कानांची टोकं वळलीत का? वळली असती तर उपाशी. हे बघ, सरळ आहेत."

"फोनवरून त्याला कान दिसले."

"मी बघून सांगितलं."

"तू अकराशे झाडंही बघून सांगितली होतीस."

कोरिन म्हणाली, "हेटी, पुरे."

"पुरे कसं? आता ते तिथे ठेवायचं आणि मुंग्यांनी खाताना बघायचं? मी युसेबिओला बोलावते. गाडीत बंदूक आहे त्याच्या. एका मिनिटाचं काम. त्या पाडसावर दया करायचीच असेल तर ती आता हीच उरली आहे."

थॅड हसला नाही. मला ते लगेच जाणवलं, रोज वाजणारं घड्याळ बंद पडल्यावर जाणवतं तसं.

"नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे कुणी बंदूक आणायची नाही. मी ते परत ठेवतो आणि लांब बसून राहतो. ती येईपर्यंत."

"आणि नाही आली तर?"

"तर उद्या तू बोलशील ते ऐकून घेईन."

"ते तू आजही घेतोस."

त्याने पाडस उचललं आणि तो गेला. मी त्याच्यामागे गेले नाही, पण कामच त्या बाजूला होतं. त्याने ते त्याच जागी, न कापलेल्या गवतात ठेवलं आणि पन्नासेक पावलांवर पडलेल्या एका ओंडक्यामागे पालथा पडला. पाण्याची बाटली आणि ती टोपी. बारा वाजता ऊन असं होतं की ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हात ठेववत नव्हता. मी ओळीच्या टोकाशी थांबून विचारलं, "फोन आला का हरिणीचा?" त्याने तोंडावर बोट ठेवलं. मला. माझ्या स्वतःच्या रानात. मग हाताने खूण केली की ट्रॅक्टर लांब ने. मी नेला. डिझेल संपत आलं होतं, म्हणून.

दोनच्या सुमारास त्याला लाल मुंग्या चावल्या. दुरून दिसत होतं, पोटावरून हात फिरवत तो ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाला सरकला. आमच्या मुंग्या डसल्या की शहाणासुरता माणूस पाच मिनिटांत गाव सोडतो. हा नाही उठला. मला वाटलं, अक्कल नसली की सहनशक्ती येते. तो दुपारभर तसाच राहिला.

संध्याकाळी मी पंपघरापाशी फवारणीची टाकी भरत होते. पेकनच्या कोवळ्या फळात शिरणारी अळी पडायचे दिवस होते, सकाळी उठून फवारायचं होतं. ऊन पलीकडच्या काठावर गेलं होतं, ओळींमधून लांब सावल्या पडल्या होत्या. मी नळ बंद केला आणि वर बघितलं.

हरिणी ओळीच्या टोकाला उभी होती.

ती बराच वेळ हलली नाही. मग एक पाय आपटला, मान खाली-वर केली, दोन पावलं पुढे आली. पुन्हा थांबली. गवतात नाक घालून तिने बारीक, दबलेला आवाज काढला. गवत हललं आणि ते पाडस उठलं. मागचे पाय आधी, मग पुढचे, मग एकदा धडपडलं. ती त्याला हुंगत राहिली. डोक्यापासून शेपटीपर्यंत, जिथे जिथे थॅडने आणि कोरिनने हात लावला होता आणि माझ्या टॉवेलचा साबण लागला होता तिथे तिथे. मी टाकीची कड धरून उभी होते. मला आठवतंय, आता ती मागे फिरेल याची मी वाट बघत होते. नुसती वाट नाही. ती फिरावी असं मला वाटत होतं.

ती फिरली नाही. ती त्याच्यावर उभी राहिली, ते तिच्या पोटाखाली शिरलं आणि ढुशा देत प्यायला लागलं. इवलीशी शेपटी भरभर हलत होती. पिऊन झाल्यावर तिने ते चाटलं आणि दोघं नदीकडच्या झुडपात गेली. ती पुढे, ते मागे.

ओंडक्यामागे थॅड तोंड उघडं टाकून झोपला होता. सकाळपासून ज्याच्यासाठी अंगाची चाळण करून घेतली, ते त्याच्यापासून पन्नास पावलांवर घडलं आणि त्याने ते घोरत घालवलं. मला हसू आलं. हसू आलं हे मी लपवत नाही. मग मी घरी गेले, हातपाय धुतले आणि जेवायला बसले.

तो पाऊण तासाने आला. चेहरा भाजलेला, हातांवर मुंग्यांचे फोड.

"गेलं," तो म्हणाला. "माझा डोळा लागला. किती वेळ कोण जाणे. उठून बघितलं तर जागा रिकामी."

"म्हणजे आई घेऊन गेली असेल," कोरिन म्हणाली.

तो माझ्याकडे बघत होता. एवढं सगळं बोलून झाल्यावरही माझ्याकडेच. कारण साठ वर्षं मी नदीवर काढली होती.

"हेटी, कायोटी कोल्ह्यांनी नेलं असतं तर रक्त दिसलं असतं ना?"

"इतक्या लहान पिल्लाचं नाही," मी म्हणाले. "ते उचलून नेतात."

आणि मी राजम्याचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

का, ते मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलंय. उत्तर काही खोल नाही. तो तिसरीतल्या पोरासारखा माणूस बरोबर निघाला होता आणि मी व माझे वडील, मिळून एकशे पंचेचाळीस वर्षं, चूक. त्याला हे कळलं असतं तर तो फुशारकी मारणार नव्हता, तेही मला माहीत होतं. तो हसला असता आणि आनंदाने मला मिठी मारली असती. मला तेच नको होतं.

त्या शुक्रवारी पत्र गेलं नाही. थॅड दुर्बीण न घेता ओसरीवर बसून राहायचा. मक्याचं पिंप त्याने स्वतः काढून गोठ्यात ठेवलं होतं. रोपांची मोडलेली कुंपणं सरळ करायला तो युसेबिओबरोबर गेला, आणि युसेबिओ म्हणाला की काम बरं करतात, फक्त बोलत नाहीत. जेवणात दोन घास घ्यायचा.

"तो रात्री उठून बसतो," कोरिन मला म्हणाली. आम्ही कपडे वाळत घालत होतो. "म्हणतो, मी झोपलो नसतो तर हाकललं असतं कोल्ह्यांना."

"एका हरणाच्या पिल्लासाठी?"

"त्याला एक गोष्ट नीट करायची होती इथे. एक. तुझ्यासमोर."

"मी काय त्याची परीक्षा घ्यायला बसलेय?"

"हो," ती म्हणाली. तिने चादर झटकली. "तू कधी चुकली आहेस का, हेटी?"

"रोज चुकते."

"कुणासमोर?"

चिमटे संपले म्हणून मी आत गेले.

पाचव्या दिवशी मी आणि युसेबिओ उरलेली शेवटची कलमं बांधत होतो. हंगाम संपत आला होता, साल घट्ट व्हायला लागली होती. त्याने काडी तासून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मिस्टर थॅड आजारी आहेत का?"

"मनाला लावून घेतलंय. ते पाडस."

"पाडसाला काय झालं?"

"नाही मिळालं."

त्याने चाकू मिटला. युसेबिओ काम करताना चाकू मिटत नाही.

"मी त्या संध्याकाळी नदीकडे रानडुकरांसाठी लावलेल्या सापळ्यापाशी होतो, मिस हेटी," तो म्हणाला. "हरिणी माझ्या समोरून गेली. पिल्लू मागे होतं. वर बघितलं तर तुम्ही पंपघरापाशी उभ्या होतात. मला वाटलं, तुम्ही सांगितलं असेल."

मी काडी सालीखाली सारायला गेले. ती नीट बसेना.

"मी आज सांगणार होते."

"पाच दिवस झाले."

"मला मोजता येतं, युसेबिओ."

तो खाली बघत होता. चाळीस वर्षांत त्याने मला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि तेव्हाही त्याचा आवाज चढला नाही.

"तुमचे वडील कडक होते," तो म्हणाला. "मला दोनदा कामावरून काढलं त्यांनी. पण त्यांनी माणसाला असं ठेवलं नसतं."

त्याने चाकू उघडला आणि पुढची काडी तासायला घेतली. मी ज्या नजरेने दोन महिने थॅडकडे बघत होते, ती नजर मी आता बाहेरून बघितली. युसेबिओ माझ्याकडे बघतही नव्हता, तरी.

मी हातातलं तसंच टाकून घरी गेले. थॅड ओसरीवर पक्ष्यांची पुस्तकं खोक्यात भरत होता. त्यांचं नवं घर जवळजवळ तयार झालं होतं, आणि त्याने कोरिनला म्हटलं होतं की आठवडाभर आधीच जाऊ.

"थॅड," मी म्हणाले, "ती हरिणी आली होती."

त्याने वर बघितलं.

"त्या संध्याकाळी. तू झोपला होतास. तिने त्याला हुंगलं, पाजलं आणि घेऊन गेली. मी पंपघरापाशी होते. मी बघितलं."

"बघितलंस."

"हो."

"आणि मला उठवलं नाहीस."

"उठवलं असतं तर ती पळाली असती."

"बरोबर," तो म्हणाला. मग हातातलं पुस्तक मिटत, "आणि जेवताना?"

"जेवताना सांगितलं नाही."

"तू कोल्ह्यांनी नेलं म्हणालीस."

"हो. कारण मी चुकले होते आणि तू बरोबर होतास, आणि मला ते सहन झालं नाही. झालं. एवढंच आहे."

असं मी आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही. पायरीवरून उडी मारल्यासारखं वाटलं. थॅड माझ्याकडे बघत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. त्याने पुस्तक खाली ठेवलं, उठला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"कोरिनने सांगितलं ना तुला माझ्याशी बोलायला?"

"कोरिनचा काही संबंध नाही."

"हेटी, तू जे करते आहेस ते मी विसरणार नाही. पण मी तुला ओळखतो. तू तिखट आहेस, दुष्ट नाहीस. माणूस पाच दिवस झुरताना बघून तू गप्प बसली नसतीस."

"बसले."

"नाही."

"अरे मूर्खा, मी सांगतेय ना, बसले. युसेबिओला विचार. त्यानेही बघितलंय."

"युसेबिओही भला माणूस आहे," थॅड म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी हसला.

मी त्याला नदीकाठी नेलं. चिखलात खुरांचे ठसे होते, मोठे आणि त्यांच्यामागे बारके. तो वाकून नीट बघत राहिला आणि म्हणाला की इथे हरणं पुष्कळ आहेत. हे मीच त्याला शिकवलं होतं. मी त्याला तिथेच अर्धा तास समजावत होते, पंपघर कुठे, हरिणी कुठे, पाडस कुठे, तो कुठे घोरत होता ते पावलं मोजून दाखवलं. तो मान हलवत ऐकत होता, जसं आपण म्हाताऱ्या माणसाचं ऐकतो. माझा घसा बसला. त्या रात्री मात्र तो पोटभर जेवला आणि कोरिनने जेवणानंतर माझ्या गालाचा मुका घेतला, जो तिने एकोणिसाव्या वर्षानंतर घेतला नव्हता. तिला मी खरं काय ते सांगितलं. तिने विश्वास ठेवला. लगेच, एका शब्दात. "अर्थात," ती म्हणाली, आणि भांडी घासायला लागली.

ते जूनच्या पहिल्या मंगळवारी गेले. शुक्रवारी पत्र आलं. थॅडने माझंही नाव यादीत घातलं होतं, त्यामुळे आता चारशे एक मूर्ख. त्यात एका पाडसाची हकिगत होती, आणि मग एका एकट्या, करड्या स्वभावाच्या स्त्रीची, जिने एका दुःखी माणसाचं मन राखण्यासाठी हरिणी परत आल्याची गोष्ट रचली, स्वतःला त्यात वाईट ठरवलं, इतकंच नाही तर त्याला चिखलातले ठसेही दाखवले. नाव नव्हतं. सान साबाच्या काठी अकराशे पेकन सांभाळणाऱ्या एकट्या करड्या स्वभावाच्या स्त्रिया किती असतील, हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर ऑटिली नोल्टेने मला गाठलं. ती आमच्या पाद्र्याची बायको, आणि पेकन पायच्या स्पर्धेत मी तिचा कणकेचा पापुद्रा कच्चा आहे म्हणाले होते तेव्हापासून अकरा वर्षं आमचं नमस्कारापलीकडे बोलणं नव्हतं. तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"हेटी, मी तुला किती चुकीचं समजत होते."

"तू बरोबर समजत होतीस," मी म्हणाले. "ती हरिणी खरंच आली होती, ऑटिली. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. आणि पाच दिवस मी ते लपवलं."

"हो, हो," ती म्हणाली. "आली होती." मागे आणखी दोघी येऊन उभ्या राहिल्या होत्या. ती माझा हात थोपटत राहिली, आणि मी तो सोडवून घेऊ शकले नाही.